मापाची वही

आजचा विषय आहे वजन. लगेच आवाज बारीक करू नका, मी कुणाला डाएट सांगायला आलेली नाही. मी बचत गटांची सहयोगिनी आहे, बी.ए.ला माझा इतिहास विषय होता, आणि आज मी इतिहासच सांगणार आहे. पण राजाराण्यांचा नाही. आपल्या दंडाचा आणि कंबरेचा.

आमच्या एका गटात ब्लाऊज शिवणाऱ्या काकू आहेत. त्यांच्याकडे मापाच्या जुन्या वह्या आहेत, अगदी लग्न होऊन आल्या तेव्हापासूनच्या. एका बाईचं एक पान. छाती, मुंढा, दंड, गळा. माप बदललं की जुना आकडा खोडायचा आणि शेजारी नवा लिहायचा. मागच्या संक्रांतीला मी सहज वही चाळली. माझ्या सासूबाईंच्या पानावर वीस वर्षांत दोनच खोडाखोडी होत्या. माझ्या पानावर नऊ वर्षांत सहा! काकू म्हणाल्या, "अगं, तुझ्या वयाच्या सगळ्यांचं असंच आहे. हल्ली मी न विचारताच आत दोन बोटं कापड जास्त सोडते."

कपड्यांच्या मापांवरून माणसांच्या तब्येतीचा अभ्यास खरोखर झालेला आहे, तोही साता समुद्रापलीकडे, लंडनमध्ये. तिथे जेरी मॉरिस नावाचे एक डॉक्टर होते. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांना प्रश्न पडला की हृदयविकार इतका का वाढतोय. त्यांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर तपासायला घेतले. दोघंही एकाच बसवर, पगार-राहणी जवळपास सारखी. फरक एवढाच, की ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटं फाडत सतत जिना चढतोय-उतरतोय, दिवसाला सुमारे 600 पायऱ्या. 1953 साली मॉरिसनी निष्कर्ष छापले: कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा बराच कमी. मग त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापं मिळवली. ड्रायव्हरांच्या विजारी कंबरेत मोठ्या निघाल्या. इथे कुणी म्हणेल, मग जाडीमुळेच होत असणार. पण तसं नव्हतं. कंडक्टर बारीक असो, मध्यम असो की चांगला पोट सुटलेला असो, त्याचा धोका कमीच होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या घरात येऊ. आपल्याकडे त्या 600 पायऱ्या कुठे होत्या? जात्यापाशी होत्या, आडावर होत्या, उखळ-मुसळात होत्या.

माझ्या आजेसासूबाई पहाटे तीनला उठून दळायच्या. आठ-दहा माणसांच्या भाकरीचं पीठ रोज लागायचं, ज्वारीचं पीठ फार दिवस ठेवून चालत नाही. दळण झालं की पाणी, मग शेण, मग चूल, मग शेत. हेमा रायरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. त्यांत माहेर आहे, विठ्ठल आहे, भाऊ आहे आणि सासुरवासही आहे. म्हणून "जुन्या बायका कशा सडसडीत होत्या, घाला पुन्हा जातं" असं कुणी भाषणात म्हणालं की मला राग येतो. त्या सडसडीत होत्या कारण राबून राबून आणि सगळ्यांच्या शेवटी जेवून पोटात कमी जायचं. जातं थांबलं ते फार बरं झालं.

थांबलं कसं, तेही ऐका. आधी डिझेल इंजिनावरची गिरणी आली. तिचा टुकटुक आवाज शिवारापर्यंत यायचा. 1960 साली महाराष्ट्राचं वीज मंडळ झालं आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गावोगाव तारा पोचल्या, मग गिरणी विजेवर चालू लागली. आजेसासूबाई सांगायच्या, पहिल्यांदा गिरणीतून पीठ आणलं तेव्हा सासऱ्यांनी ताट सरकवून दिलं होतं. म्हणाले, याला कढ लागलाय, चव गेली. आठ दिवसांत सवय झाली. तरी गिरणीपर्यंत डोक्यावर पाटी घेऊन जावं लागायचंच. पुढे हापसा आला, नळ आला, मिक्सर आला, गॅस आला. एकेक कष्ट घराबाहेर गेला आणि प्रत्येक वेळी आपण सुटकेचा श्वास घेतला. बरोबरच होतं ते. पण ताटाला कुणी सांगितलंच नाही की बाई आता जात्यावर बसत नाही.

उलट ताटात भर पडत गेली. साखरेचंच बघा. 1950 च्या सुमाराला प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळांना बरोबर घेऊन, सहकारी साखर कारखाना उभा केला. पुढे जिथे जिथे पाणी पोचलं तिथे ऊस गेला, आणि आमचा सोलापूर जिल्हा तर कारखान्यांसाठी प्रसिद्धच झाला. सभासदांच्या घरी सवलतीची साखर पोत्याने येऊ लागली. त्याआधी पाहुण्याला गूळ-पाणी मिळायचं. चहा म्हणजे शहरातली गोष्ट, आणि शहरातसुद्धा लोकांना त्याची चटक मुद्दाम लावावी लागली. 1930 च्या दशकात चहा मळेवाल्यांच्या पैशांतून चहा करून दाखवण्याची, फुकट पाजण्याची मोठी मोहीम चालली होती. आज चहा विचारला नाही तर पाहुणा रुसतो.

धान्याचंही तसंच. आमच्या बाजूचं मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार, पण ताट हळूहळू गव्हा-तांदळाकडे वळलं. 1956 च्या करारानंतर अमेरिकेचा गहू देशात येऊ लागला. मग अमेरिकेचीच लाल मिलो आली, जिची भाकरी खाल्लेल्या आजी अजून नाक मुरडतात. 1972 च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली आणि सुकडी खाऊन दिवस काढले. पुढे रेशनवर गहू-तांदूळ पक्के झाले. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो झाला, 2023 पासून तर तो फुकट आहे. रेशनमुळे घरं तरली, मी त्याविरुद्ध अवाक्षर काढणार नाही. फक्त भाकरी थापणं मागे पडलं आणि दोन्ही वेळा भाताचा ढीग आला, एवढंच म्हणते.

आणि उपवासाचं सांगू का? आपल्याला वाटतं ते सगळं ऋषिमुनींपासूनचं. पण बटाटा, शेंगदाणा, रताळं, आणि ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कंद, हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. साबुदाणाही आधी परदेशातून यायचा. दुसऱ्या महायुद्धात तो बंद पडला, तेव्हा तामिळनाडूत सेलमला त्याचा धंदा उभा राहिला. म्हणजे खिचडी काही ऋषिमुनींच्या काळची नाही. तुपात परतलेली वाडगाभर खिचडी खाऊन "आज माझा उपवास" म्हणणाऱ्यांत मीही होते.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे सगळं वाचायला बसले, ती सांगते. तिची परवानगी घेतली आहे, नाव घेणार नाही. गटातल्या एका ताईने अंतर्गत कर्ज घेतलं, कारण लिहिलं मुलीची फी. तिसऱ्या हप्त्याला ती चुकली, चौथ्यालाही. घरी गेले तर फडताळात पावडरचे डबे रांगेत. महिन्यात दहा किलो कमी, असं सांगून कुणीतरी विकले होते. ती दोन महिने एक वेळचं जेवण सोडून ती पावडर पीत होती. सात किलो उतरलंही. मग रानात चक्कर येऊन पडली. तपासलं तर रक्त कमी. पावडर बंद केली आणि दिवाळीपर्यंत सात किलो परत आलं, वर दोन जास्त. कर्ज होतं तिथेच. रडत म्हणाली, "ताई, घरात सगळे मला म्हैस म्हणतात. मला वाटलं गटाला कळायच्या आत बारीक होईन."

तिचं रक्त कमी होतं हे ऐकून नवल वाटू देऊ नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या चारांतल्या जवळपास एका बाईचं वजन प्रमाणापेक्षा जास्त निघालं, आणि शंभरांतल्या 57 जणींचं रक्त कमी. वजन जास्त आणि अंगात रक्त नाही, असं एकाच बाईचं असू शकतं. अशा बाईला उपाशी ठेवणं हा उपाय कसा असेल?

उपाय मला चेन्नईच्या एका अभ्यासात सापडला. डॉ. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 531 माणसं निवडली, ज्यांची साखर वाढू लागली होती पण मधुमेह अजून झालेला नव्हता. काहींना सांगितलं, रोज अर्धा तास चाला, साखर आणि मैद्यासारखे पदार्थ कमी करा, तेल-तूप बेताने, पालेभाज्या जास्त. ना पावडर, ना उपास. 2006 साली निष्कर्ष आले. काहीच बदल न सांगितलेल्यांच्या मानाने यांचा मधुमेहाचा धोका 28.5 टक्क्यांनी कमी झाला होता. आणि गंमत म्हणजे त्यांचं वजन फारसं घटलेलं नव्हतं! आठवले ना पोट सुटलेले कंडक्टर? काटा हलला नाही म्हणून चालणं सोडायचं नसतं, ते यासाठी.

मग आम्ही गटात हिशेब मांडला, हिशेब तर आपल्याला येतोच. दिवसाला पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. माझे तर सात व्हायचे, कारण मी ज्या गटात जाईन तिथे चहा. चमचा पाच ग्रॅमचा धरा. पाच कपांत फक्त एकेक चमचा कमी केला तर वर्षाला नऊ किलो साखर वाचते. नऊ किलोची पिशवी बैठकीत मध्ये ठेवली तेव्हा कुणी बोललं नाही. चमचाभर साखरेच्या वीस कॅलरी, म्हणजे रोजच्या शंभर वाचल्या. कागदावर त्यातून वर्षाला साडेचार किलोच्या आसपास वजन उतरायला हवं. शरीर कागदासारखं चालत नाही, काही महिन्यांनी उतार मंदावतो, हेही तेव्हाच सांगून टाकलं, नाहीतर पावडरवाल्यात आणि माझ्यात फरक काय?

तेलाची बरणी झाली महिन्याची, संपली की संपली. भाकरी निदान एका वेळी परत आली. सर्वांत अवघड गेलं ते जेवणाचं. आपण साडेदहाला सगळ्यांच्या मागून जेवतो आणि पातेल्यातलं उरलेलं "टाकायचं कशाला" म्हणून पोटात टाकतो. आता काही घरांत बाई आठला सगळ्यांबरोबर बसते. एका सासूबाईंनी आधी तोंड वाकडं केलं, आता त्याच हाक मारतात. आणि संध्याकाळी मालिकेच्या आधी आम्ही माळावरच्या देवळापर्यंत चालत जाऊन येतो. पहिल्या आठवड्यात पारावरची माणसं हसली. बायका कामाशिवाय चालतात हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

ज्यांना साखरेच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू आहेत, ज्या गरोदर आहेत किंवा अंगावर पाजतात, त्यांनी आधी आशाताईंना नाहीतर डॉक्टरांना विचारा. आणि जी मुळातच काटकुळी आहे तिने तेल-भात कमी करू नये, तिचं ताट वाढवायचं आहे.

या गोष्टीला आता तेरा महिने झाले. माझं वजन चार किलोने उतरलं. काही जणींचं दोन, एकीचं काहीच नाही, पण ती म्हणते गुडघे हलके झाले. पावडरवाल्या ताईचं कर्ज गटाने हप्ते लहान करून पुढे ढकललं. शेवटचा हप्ता तिने जूनमध्ये भरला. तिचं वजन पाच किलोने कमी आहे आणि रक्तही वाढलं आहे.

परवा ती काकूंकडे लग्नासाठी ब्लाऊज टाकायला गेली. काकूंनी टेप लावला, वही उघडली, जुना आकडा खोडला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझं माप कधी घ्यायचं? जुन्या मापाचे चार कापून ठेवलेत मी, आता कुणाला घालू?"