कोलारच्या खाणीतील शांतता : भूमिगत प्रयोगांचा एक विस्मृत अध्याय

प्रस्तुत लेख भौतिकशास्त्राच्या अभ्यासकाने लिहिलेला नाही, हे आरंभीच नमूद करणे योग्य ठरेल. उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाची या विषयाशी गाठ एका शब्दामुळे पडली. विज्ञानविषयक एका उताऱ्यात 'पार्श्वभूमी-संकेत' असा शब्द आला होता. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पार्श्वभूमी कळली की गोष्ट कळते असं तुम्हीच सांगता. मग हे शास्त्रज्ञ ती काढून टाकायला का बघतात?" प्रश्न रास्त होता. मराठीतील 'पार्श्वभूमी' काय किंवा उर्दूतील 'पसमंजर' काय, दोन्ही शब्द अर्थ उलगडण्यासाठी आहेत. भूमिगत प्रयोगशाळेत मात्र हाच शब्द अर्थ झाकणाऱ्या गोष्टीला लावला जातो. उत्तर शोधताना आपल्याच राज्यातील कोलारच्या सोन्याच्या खाणीपर्यंत आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपर्यंत जावे लागले. तो इतिहास महाविद्यालयीन अध्यापकांसमोर मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

१९३३ साली फ्रित्झ झ्विकी यांनी दीर्घिकांच्या एका समूहाच्या गतीचा अभ्यास करून असे दाखवले की, दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वस्तुमानातून ही गती संभवत नाही. पुढे १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन यांच्या निरीक्षणांनी याला भक्कम आधार दिला. आजच्या अंदाजानुसार विश्वातील द्रव्याचा सुमारे पाच-षष्ठांश भाग असा न दिसणारा आहे. त्यालाच कृष्णद्रव्य म्हणतात. त्याचे कण, असतील तर, आपल्यातून सतत आरपार जात असले पाहिजेत. क्वचित एखादा कण एखाद्या अणुकेंद्राला धक्का देईल आणि तो क्षीण धक्का यंत्रात नोंदला जाईल, या आशेवर जगभर प्रयोग चालू आहेत.

अडचण अशी की असे क्षीण धक्के देणारे इतरही पुष्कळ आहेत. आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे वातावरणात म्यूऑन नावाचे कण तयार होतात. उघड्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन जातो. खडकात युरेनियम आणि थोरियम अल्प प्रमाणात असतेच. त्यांच्यापासून रेडॉन वायू निघतो आणि फटीफटीतून हवेत मिसळतो. आपल्या जिल्ह्यात 'किरणोत्सर्ग' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे कैगा उभे राहते. परंतु प्रौढ माणसाच्या शरीरातील पोटॅशियम-४० चेच दर सेकंदाला चार हजारांहून अधिक अणू विघटित होत असतात. म्हणजे यंत्राजवळ उभा राहिलेला शास्त्रज्ञ स्वतःच गलबल्याचा एक उगम असतो. (विद्यार्थ्यांना हे सांगितले की वर्ग जागा होतो, असा अनुभव आहे.) यांतील म्यूऑनपासून सुटका करून घेण्याचा मार्ग एकच : जमिनीत खोल उतरणे, डोक्यावर खडकाचे छप्पर घेणे.

या खोल उतरण्याच्या इतिहासात भारताचे स्थान फार वरचे आहे. होमी भाभा यांच्या प्रेरणेने टाटा संस्थेचे बी. व्ही. श्रीकंठन हे तरुण संशोधक १९५० च्या दशकाच्या आरंभी कोलारच्या खाणीत उतरले. जगातील अत्यंत खोल खाणींपैकी ती एक होती. तिची खोली तीन किलोमीटरच्याही पुढे गेलेली. खोली वाढेल तसतसे म्यूऑन किती कमी होतात, हे मोजणे हा आरंभीचा उद्देश. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मियाके, नरसिंहम आणि रमण मूर्ती यांनी सुमारे पावणेतीन किलोमीटर खोलीवर यंत्र मांडले. जवळजवळ दोन महिने ते चालले आणि त्यात एकही म्यूऑन नोंदला गेला नाही.

दोन महिने काहीच न घडणे, याला आपल्या व्यवहारात अपयश म्हणतात. येथे तोच खरा शोध होता. इतकी शांत जागा हाती आली, तर न्यूट्रिनोसारख्या लाजाळू कणाची चाहूलही ऐकू येईल, हे या मंडळींच्या ध्यानात आले. टाटा संस्था, जपानमधील ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठ यांनी मिळून २.३ किलोमीटर खोलीवर प्रयोग उभारला. युक्ती साधी होती. उरलेसुरले म्यूऑन वरून, म्हणजे जवळजवळ उभे येणार. न्यूट्रिनो मात्र पृथ्वीच्या आरपार कोणत्याही बाजूने येऊन शेजारच्या खडकात म्यूऑन निर्माण करतो. म्हणून यंत्राच्या भिंती उभ्या ठेवल्या आणि आडव्या येणाऱ्या कणांची वाट पाहिली. १९६५ साली वातावरणातील न्यूट्रिनोची नोंद झाल्याचे या गटाने प्रसिद्ध केले. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतील एका सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइन्स यांचा गट हेच करीत होता. त्यांची पहिली नोंद आधीची होती, पण शोधनिबंध कोलारचा आधी छापून आला. आपल्या पाठ्यपुस्तकांत या घटनेला एखादी ओळ तरी मिळायला हवी होती.

यानंतरचा भाग अधिक बोधप्रद आहे, कारण त्यात चुकण्याची शक्यता सामावलेली आहे. प्रोटॉन अमर नाही, तोही कधीतरी विघटित होतो, असे भाकीत १९७४ पासूनच्या सिद्धांतांनी केले होते; आयुर्मान मात्र एकावर तीस शून्ये एवढ्या वर्षांच्या आसपास. एवढी वर्षे थांबणे शक्य नाही, पण तितके प्रोटॉन एकत्र ठेवून पाहता येते. कोलारमध्ये १९८० च्या अखेरीस १४० टन वजनाचे, लोखंडी पत्रे आणि विद्युत-नळ्या यांचे थरावर थर रचलेले यंत्र सुरू झाले. १९८१ आणि १९८२ मध्ये प्रोटॉनच्या विघटनासारख्या दिसणाऱ्या काही घटना या गटाने जाहीर केल्या. जगाचे लक्ष कोलारकडे वळले.

पण ज्या न्यूट्रिनोचा शोध हा याच खाणीचा मान होता, तोच आता आड आला. प्रोटॉन फुटला तर जेवढी ऊर्जा बाहेर पडेल, जवळपास तेवढ्याच ऊर्जेचे वातावरणीय न्यूट्रिनो अधूनमधून यंत्राच्या आतच आदळत असतात. वरचा खडक म्यूऑनला थोपवतो. न्यूट्रिनोला तो थोपवीत नाही. आणखी खोल गेल्यानेही ही अडचण सुटत नव्हती. अमेरिकेतील आयएमबी आणि जपानमधील कामिओका येथील हजारो टन पाण्याच्या यंत्रांना पुढील वर्षांत विघटन आढळले नाही. कोलारच्या त्या घटनांना दुजोरा मिळाला नाही. पंधरा वर्षांपूर्वीचा मुख्य संकेत अशा रीतीने नव्या प्रयोगाची पार्श्वभूमी झाला होता. गंमत अशी की कामिओकाच्या मंडळींनी ही 'पार्श्वभूमी' नीट मोजायला घेतली, तेव्हा ती अपेक्षेपेक्षा कमी भरली. त्या तुटीचा पाठपुरावा करताना १९९८ मध्ये सुपर-कामिओकांडे प्रयोगाने न्यूट्रिनो आपले रूप बदलतात हे सिद्ध केले आणि २०१५ चे नोबेल पारितोषिक ताकाकी काजिता यांना विभागून मिळाले. जुन्या हस्तलिखितांवर काम करणाऱ्यांना हे अपरिचित वाटणार नाही. नकलनवीसाची चूक म्हणून बाजूला ठेवलेला पाठ कधीकधी मूळ ठरतो.

कोलारचे एक प्रकरण मात्र अजून मिटलेले नाही. १९७५ मध्ये याच गटाने काही विलक्षण घटना प्रसिद्ध केल्या. दोन किंवा अधिक कणांचे माग एका बिंदूतून निघालेले दिसत होते आणि तो बिंदू खडकात नव्हता, यंत्रातही नव्हता; खडकाची भिंत आणि यंत्र यांमधील मोकळ्या हवेत होता. हवेसारख्या विरळ पदार्थात न्यूट्रिनो आदळण्याची शक्यता नगण्य. मग काय फुटले? नवा कण असावा, असा तर्क झाला. युरोप-अमेरिकेतील त्वरकांवर शोध घेतला गेला; काही मिळाले नाही. 'कोलार घटना' या नावाने त्या राहिल्या. २०१४ च्या सुमारास एम. व्ही. एन. मूर्ती आणि जी. राजशेखरन यांनी नवा प्रश्न टाकला : तेथे कृष्णद्रव्याचाच एखादा कण विघटित झाला असेल काय? प्रस्तुत लेखकाला यावर मत देण्याचा अधिकार नाही. तरी एवढे स्पष्ट दिसते की हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या नोंदींवर निवाडा होत नाही. त्यासाठी पुन्हा तशाच खोल जागी, अधिक मोठ्या यंत्राने पाहावे लागते.

आजच्या कृष्णद्रव्याच्या प्रयोगांची स्थितीही याहून वेगळी नाही. इटलीतील ग्रान सासो येथे डोंगराखाली दामा हा प्रयोग १९९० च्या दशकापासून ऋतुमानाप्रमाणे कमीजास्त होणारा संकेत दाखवीत आला. त्याच जातीचे स्फटिक वापरून स्पेन आणि दक्षिण कोरियात केलेल्या प्रयोगांना तो सापडलेला नाही. २०२० मध्ये ग्रान सासो येथीलच झेनॉन-१-टी यंत्राने २३२ च्या आसपास नोंदी अपेक्षित असताना २८५ दाखवल्या. नवे भौतिकशास्त्र की झेनॉनमध्ये शिरलेले ट्रिटियम, असा वाद झाला. प्रत्येक किलोग्रॅममध्ये ट्रिटियमचे दोन-तीन अणूही त्यासाठी पुरेसे होते! २०२२ मध्ये अधिक शुद्ध यंत्राने पाहिल्यावर ती वाढ उरली नाही. या प्रयोगशाळेतल्याच दुसऱ्या एका सूक्ष्म प्रयोगासाठी दोन हजार वर्षांपूर्वी बुडालेल्या रोमन जहाजातील शिसे आणले गेले. ताज्या शिशात असणारे किरणोत्सारी शिसे-२१० समुद्रतळाशी एवढ्या काळात संपून गेलेले असते. आणि २०२४ मध्ये झेनॉन-एन-टी व चीनमधील पांडा-एक्स या यंत्रांनी सूर्याच्या न्यूट्रिनोंची पहिली चाहूल लागल्याचे सांगितले. म्हणजे ज्याला खडक अडवू शकत नाही, तो कोलारचा जुना ओळखीचा कण कृष्णद्रव्याच्या वाटेवरही येऊन उभा राहिला आहे.

आता एक गोष्ट खेदाने नोंदवावी लागते. अमेरिकेतील होमस्टेक ही सोन्याची खाण २००२ मध्ये बंद झाली. तिच्यात भरलेले पाणी उपसून तेथे प्रयोगशाळा वसवली गेली आणि आज कृष्णद्रव्याचा एक अग्रगण्य प्रयोग तेथे दीड किलोमीटर खोलीवर चालतो. कोलारची खाण त्याच्या एक वर्ष आधी, २००१ मध्ये बंद झाली. प्रयोग १९९० च्या दशकाच्या आरंभीच थांबले होते. उपसा बंद झाला आणि खाण पाण्याने भरली. रामनगर हे सुपा धरणाने विस्थापित केलेल्या कुटुंबांचे गाव. पाण्याखाली काय काय जाते, हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पण सुप्याच्या बदल्यात वीज तरी मिळाली.

पुढे तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात डोंगर पोखरून न्यूट्रिनो वेधशाळा उभारण्याची योजना आली. २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. स्थानिकांचा विरोध झाला, न्यायालयीन वाद झाले, २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारनेही सर्वोच्च न्यायालयात विरोधी भूमिका घेतली आणि प्रकल्प अडून राहिला. सह्याद्रीत राहणाऱ्या माणसाला त्या गावकऱ्यांची भीती अडाणीपणाची वाटत नाही. प्रश्न वेगळाच आहे : शंभराहून अधिक वर्षे खणलेली, जगात नाव मिळवलेली खोल जागा बुडू दिल्यावर नवा डोंगर मागण्याची पाळी का यावी?

सध्या आपल्याकडे कृष्णद्रव्याचा शोध झारखंडमधील जादुगुडा येथे ५५५ मीटर खोलीवर चालतो. कोलकात्याच्या साहा संस्थेच्या पुढाकाराने २०१७ मध्ये ही प्रयोगशाळा सुरू झाली. अतितप्त द्रवाचे सूक्ष्म थेंब जेलमध्ये पसरवून ठेवायचे. कणाचा धक्का बसला की थेंबाचा बुडबुडा होतो आणि त्याचा आवाज टिपला जातो, अशी तेथील पद्धत. खाण युरेनियमची आहे! रेडॉनपासून पळणाऱ्यांनी युरेनियमच्या घरी बिऱ्हाड करावे, तसा हा प्रकार. तेथील संशोधक भोवतालचे न्यूट्रॉन आणि गॅमा किरण चिकाटीने मोजत आले आहेत. पण डोक्यावरचा खडक कोलारच्या पाव भागाइतकाच आहे.