अप्रेंटिसशिप संपली, पुढे काय? एका कलमाची गोष्ट

२० मार्च २०१८ ची सकाळ कल्याण-डोंबिवली-ठाण्याच्या लोकलवाल्यांना आठवत असेल. रेल्वेत प्रशिक्षण घेतलेले अप्रेंटिस माटुंगा-दादरच्या मध्ये रुळांवर उतरले आणि ऐन गर्दीत मध्य रेल्वे काही तास ठप्प झाली. म्हणणं सरळ होतं: आम्हाला शिकवलंत, आता नोकरीत घ्या, २० टक्क्यांची मर्यादा काढा.

तुम्हाला यावर संशोधन करायचं असेल, तर पहिला प्रश्न असा: ही मागणी कायदेशीर हक्काची होती की अपेक्षेची? त्यासाठी बातमी बाजूला ठेवून कायदा उघडावा लागतो.

शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. त्याच्या कलम १८ नुसार अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. मूळ कलम २२(१) म्हणत होतं की प्रशिक्षणानंतर नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. बरेच जण इथेच वाचन थांबवतात. पण २२(२) पाहा: प्रशिक्षणानंतर तिथेच नोकरी करायची, अशी अट करारात असेल, तर मालकाला योग्य नोकरी द्यावीच लागते. म्हणजे सगळं कराराच्या कागदावर अवलंबून.

१९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाकी सगळं समान असेल, तर थेट भरतीतल्या उमेदवाराआधी प्रशिक्षित अप्रेंटिसला प्राधान्य द्यावं. लक्षात घ्या, प्राधान्य, हमी नव्हे. २०१४ च्या दुरुस्तीने २२(१) बदललं: भरतीचं धोरण प्रत्येक मालकाने स्वतः ठरवायचं.

रेल्वेचे २० टक्के हे असंच धोरण. २०१८ च्या लेव्हल-१ भरतीत ६२,९०७ जागा होत्या. त्यांचे २० टक्के म्हणजे साधारण साडेबारा हजार, तेही देशभर मिळून आणि परीक्षा देऊनच.

उद्या कल्याणच्या लोकोशेडमध्ये शिकलेल्या एखाद्याची मुलाखत घ्याल, तेव्हा दोन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवा: त्याला तोंडी काय सांगितलं गेलं आणि करारात काय लिहिलं होतं. या दोन्हींतल्या अंतरातच तुमचा संशोधन-प्रश्न सापडेल.

आणि हो, फेलोशिप मिळाली की स्वतःचं नेमणूकपत्रही याच नजरेने वाचा. मुदत संपल्यावरचं वाक्य सहसा शेवटच्या पानावर असतं.