अध्यापक-विद्यालय आणि समाज : १८८२ चे निवेदन व साताऱ्याचा प्रयोग

शिक्षक तयार करणाऱ्या संस्थांचे वार्षिक अहवाल बहुधा एकाच साच्याचे असतात. किती विद्यार्थी दाखल झाले, किती उत्तीर्ण झाले, किती रुपये खर्ची पडले, एवढे नमूद केले की संस्थेची वर्षभराची प्रगती सांगून झाली, असे मानण्याचा प्रघात आहे. या आकड्यांना महत्त्व नाही असे नव्हे. परंतु अध्यापक-विद्यालयाचे समाजातील कार्य पाहावयाचे तर आणखी दोन गोष्टी विचाराव्या लागतात : विद्यार्थी समाजाच्या कोणत्या थरातून आला, आणि शिकून तो कोठे गेला. मुंबई इलाख्याच्या इतिहासात या दोन प्रश्नांचे महत्त्व फार लवकर ओळखले गेले. त्यांचे उत्तर मात्र फार उशिरा मिळाले.

शिक्षक घडविण्याची खटपट शिक्षणखात्याहूनही जुनी आहे. १८२२ साली स्थापन झालेल्या हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळीने २४ शिक्षक तयार केले आणि १८२६ मध्ये त्यांना इलाख्याच्या निरनिराळ्या भागांतील शाळांवर पाठविण्यात आले. १८४५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत नॉर्मल क्लास सुरू झाला व त्याचे संचालकत्व बाळशास्त्री जांभेकर यांजकडे आले. ‘दर्पण’कार म्हणून प्रसिद्ध असलेल्या या विद्वानाने आयुष्याचे अखेरचे वर्ष गावठी शाळांच्या भावी पंतोजींना शिकविण्यात घालविले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात सहसा एका वाक्यात उरकली जाते. पुढे १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षकांच्या प्रशिक्षणास सरकारी धोरणात स्थान दिले आणि ट्रेनिंग कॉलेज ही संस्था रूढ झाली.

या व्यवस्थेवर पहिला मूलगामी आक्षेप घेतला तो जोतीराव फुले यांनी, ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे सादर केलेल्या निवेदनात. प्राथमिक शाळांतील शिक्षक जवळजवळ सर्व ब्राह्मण आहेत, त्यांपैकी थोडेच ट्रेनिंग कॉलेजातून आलेले आहेत आणि त्यांचा पगार क्वचितच दहा रुपयांवर जातो, असे त्यांचे निरीक्षण होते. शेतकऱ्यांच्या मुलांत जो सहज मिसळू शकेल, ज्याला त्यांच्या गरजा आपल्या वाटतील, प्रसंगी नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास ज्यास कमीपणा वाटणार नाही, असा शिक्षक त्याच वर्गांतून तयार केला पाहिजे, ही त्यांची मागणी होती. प्रशिक्षित शिक्षकास निदान बारा रुपये व मोठ्या गावी पंधरा ते वीस रुपये वेतन असावे, असे त्यांनी सुचविले. एवढ्यावर न थांबता गावचे हिशेब तपासणे, दस्तऐवजांची नोंदणी, टपाल, स्टँपविक्री अशी कामे त्याच्याकडे देऊन त्याला ग्रामव्यवस्थेत पक्के स्थान मिळवून द्यावे, असेही त्यांनी मांडले. शिक्षक गावात परका राहिला तर शाळाही परकीच राहते, हे त्यामागील मर्म होते. शिक्षणाचा उपकर सारा भरणाऱ्या शेतकऱ्याकडून वसूल होत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ही मागणी दयेची नसून हक्काची होती हे स्पष्ट होते.

कमिशनने नॉर्मल शाळांचा विस्तार सुचविला. शिक्षकांच्या पत्नींना व योग्य विधवांना अध्यापनासाठी उत्तेजन द्यावे, अशीही त्याची शिफारस होती. मेरी कार्पेंटर यांच्या १८६६ च्या भेटीनंतर स्त्री-शिक्षिकांचा जो प्रश्न ऐरणीवर आला होता त्याचाच हा पुढचा टप्पा होय. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. परंतु फुले यांच्या मूळ मागणीपुढे एक अडचण उभी होती, आणि ती केवळ सरकारच्या अनास्थेची नव्हती. ट्रेनिंग कॉलेजात जाण्यापूर्वी प्राथमिक शिक्षण पुरे झालेले असणे आवश्यक होते. ज्यांच्या गावी शाळा नाही त्यांच्यातून उमेदवार येणार कोठून? आणि त्यांच्यातून शिक्षक आल्याखेरीज त्या गावी टिकणारी शाळा तरी निघणार कशी? केवळ प्रवेशाचे नियम बदलून हे चक्र तुटणारे नव्हते.

ते तोडण्याचा निश्चित प्रयत्न सातारा जिल्ह्यात झाला. सत्यशोधक चळवळीतून आलेले भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत व एका पंक्तीस जेवत. लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने या मुलांच्या अन्नासाठी मोडले. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली. अध्यापक-विद्यालय निघाले ते त्यानंतर, १९३५ साली. बादशहा पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणास त्या वर्षी पंचवीस वर्षे पुरी झाली होती, म्हणून त्यास सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज असे नाव मिळाले. नावावरून संस्थेचे अंतरंग ओळखू नये, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी वसतिगृह, मग अध्यापक-विद्यालय, आणि त्यानंतर शाळा. वसतिगृहामुळे खेड्यातील निर्धन मुलगा शिक्षणात टिकला. तो टिकल्यामुळे विद्यालयास त्या थरातील उमेदवार मिळाले. आणि उमेदवार तयार झाल्यावर त्यांना जेथून ते आले तेथे परत पाठविणे शक्य झाले. पुणेरी नमुन्याच्या ट्रेनिंग कॉलेजास यांतील पहिली पायरीच नव्हती. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात व्हॉलंटरी शाळांचे धोरण अवलंबिले गेले तेव्हा रयत शिक्षण संस्थेपाशी अशी माणसे तयार होती. संस्थेने चालविलेल्या व्हॉलंटरी शाळांची संख्या ५७८ पर्यंत गेली. एका शिक्षकावर चालणारी शाळा हे त्यांतील पुष्कळांचे स्वरूप होते, आणि अशा ठिकाणी शिक्षकाच्या परकेपणाची वा आपलेपणाची किंमत गावाला रोज मोजावी लागते. पुढे या शाळा जिल्हा स्कूल बोर्डाकडे सोपविण्यात आल्या.

यावरून १८८२ ची मागणी साताऱ्यास पूर्णत्वास गेली असे म्हणणे धाडसाचे होईल. शिक्षकास ग्रामव्यवस्थेत हिशेबनीस वा टपालवाला म्हणून स्थान देण्याची कल्पना या प्रयोगाच्या कक्षेत नव्हती, आणि वेतनाचा प्रश्न तर एका खाजगी संस्थेच्या आवाक्याबाहेरचा होता. साधला तो मागणीचा पहिला भाग, म्हणजे शिक्षक कोणातून यावा हा. त्यालाही अर्धशतकाहून अधिक काळ लागला. सिल्व्हर ज्युबिली हे नाव पुढे गळून पडले आणि त्या विद्यालयास महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले.