मेमरी कार्डावरून संगणकात : डिजिटल छायाचित्रांच्या ‘इम्पोर्ट’ प्रक्रियेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
आधुनिक इतिहासाच्या साधनांमध्ये छायाचित्राला महत्त्वाचे स्थान आहे. फिल्मच्या काळात निगेटिव्ह हाच मूळ दस्तऐवज असे व तो जपून ठेवला जाई. डिजिटल कॅमेऱ्यातील मेमरी कार्ड मात्र रिकामे करून पुन्हा वापरले जाते. त्यामुळे कार्डावरील छायाचित्रे संगणकातील संपादन प्रणालीत उतरवून घेणे, म्हणजेच ‘इम्पोर्ट’, हा जतनाच्या दृष्टीने निर्णायक टप्पा ठरतो. या प्रक्रियेचा विकास कसा झाला आणि तीत काय टिकले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

फितीकडून कार्डाकडे :
ईस्टमन कोडक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये तयार केलेल्या कॅमेऱ्यात एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदवण्यास २३ सेकंद लागत. पुढे तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी विकसित केलेल्या फ्लॅश मेमरीमुळे वीजपुरवठ्याविना माहिती टिकवणारे लहान कार्ड शक्य झाले. १९९४ मध्ये कॉम्पॅक्टफ्लॅश आले, तर १९९९ मध्ये एसडी कार्डाची घोषणा झाली.

प्रमाणीकरणाचे महत्त्व :
फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० मध्ये बाजारात आली, तेव्हा चित्रे प्रामुख्याने स्कॅनरमधून संगणकात येत. कॅमेऱ्यांचा प्रसार होऊ लागल्यावर सर्व कंपन्यांसाठी समान नियमांची गरज भासली. जपानमधील उद्योगसंस्थेने १९९५ मध्ये ‘एक्झिफ’ व १९९८ मध्ये ‘डीसीएफ’ ही मानके तयार केली. एक्झिफमुळे चित्रणाची तारीख, वेळ व कॅमेऱ्याचा तपशील चित्राच्या फाईलमध्येच नोंदला जाऊ लागला. डीसीएफमुळे प्रत्येक कार्डावर ‘डीसीआयएम’ हे फोल्डर आले व कोणत्याही प्रणालीला छायाचित्रे कोठे शोधावीत हे कळू लागले. मात्र या नियमानुसार फाईलचा क्रमांक ०००१ ते ९९९९ एवढाच असल्याने तीच नावे पुन्हा येतात. म्हणूनच इम्पोर्ट करताना नवे नाव देण्याची सोय आवश्यक ठरली.

नकलेकडून नोंदवहीकडे :
आयफोटो (२००२), ॲपर्चर (२००५) व लाइटरूम (२००७) या प्रणालींनी इम्पोर्टचे स्वरूप बदलले. ही क्रिया केवळ नक्कल करण्यापुरती न राहता सूची तयार करण्याची झाली. लाइटरूममध्ये मूळ फाईल न बदलता संपादनाच्या सूचना स्वतंत्र ‘कॅटलॉग’मध्ये नोंदल्या जातात. इम्पोर्टच्या वेळीच दुसरी प्रत अन्यत्र ठेवण्याची व आधी घेतलेली छायाचित्रे वगळण्याची सोयही तीत आहे.

या पद्धतीची मर्यादा पुढे दिसून आली. ॲपलने २०१४ मध्ये ॲपर्चरचा विकास थांबवत असल्याचे जाहीर केले. त्यातील संग्रह लाइटरूममध्ये हलवताना मूळ छायाचित्रे व शब्दनोंदी नेता आल्या, परंतु संपादनाच्या सूचना नेता आल्या नाहीत. सर्वमान्य मानकात असलेले टिकले. एका प्रणालीच्या नोंदवहीत असलेले त्या प्रणालीपुरतेच उरले.

इतिहास संशोधनाच्या दृष्टीने :
मोडी कागदपत्रे, शिलालेख व वीरगळ यांची छायाचित्रे आज डिजिटल कॅमेऱ्याने घेतली जातात. अशा साधनांचे बहिरंग परीक्षण करताना एक्झिफमधील तारीखही तपासून घ्यावी लागते. कारण ती कॅमेऱ्यातील घड्याळावर अवलंबून असते व घड्याळ चुकल्यास पुरावाही चुकतो. दस्तऐवज कोठे व कोणत्या दप्तरात मिळाला, हे तर कॅमेरा सांगूच शकत नाही. ती नोंद इम्पोर्टच्या वेळी अभ्यासकानेच करावयाची असते.

निष्कर्ष :
१) इम्पोर्ट ही तांत्रिक क्रिया असली तरी ती दस्तऐवज निर्मितीची पायरी आहे.
२) मूळ फाईल अबाधित ठेवून संपादित प्रत जेपेगसारख्या सर्वमान्य स्वरूपात स्वतंत्रपणे जतन करणे हितावह आहे.
३) दोन ठिकाणच्या प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड रिकामे करू नये. जीर्ण कागद पुन्हा छायाचित्रणासाठी उपलब्ध होईलच असे नाही. म्हणून ही दक्षता संशोधनपद्धतीचाच भाग मानली पाहिजे.