संध्याकाळचे दोन तास

शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतच्या वेळाचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. राजांच्या वंशावळी आपण पाठ करतो; परंतु बारा ते अठरा वर्षांची मुले त्या दोन तासांत काय करीत, हे विचारावेसे आपणांस वाटत नाही. आम्हांला हा प्रश्न मल्लखांबाच्या निमित्ताने पडला. कारण त्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी माणसांचाही इतिहास आहे.

बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात खांबावरील व्यायामाचा उल्लेख येतो. पुढे मागे पडलेल्या या विद्येला नवे जीवन दिले ते दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी. सप्तशृंगीच्या गडावर मारुतीने त्यांना दृष्टान्त दिला, ही आख्यायिका होय. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि बाजीराव गंगाकाठी बिठूरास जाऊन राहिला, हा इतिहास होय. राज्य गेले, पण आश्रितांबरोबर उत्तरेकडे गेलेली ही विद्या तेथे रुजली. वडोदऱ्यास प्राध्यापक माणिकरावांनी आपले गुरू जुम्मादादा यांच्या नावाने व्यायाममंदिर चालविले. त्याच नगरीतून द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा मराठी ‘व्यायामज्ञानकोश’ सिद्ध केला. अमरावतीस १९१४ साली वैद्यबंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले व त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली.

मूळचे हे कुस्तीगिरांचे साधन. ते वाढत्या मुलांच्या हाती आले, तेव्हा त्याचा अर्थ पालटला. एरंडेल चोळलेल्या, वर निमुळत्या होत जाणाऱ्या त्या गुळगुळीत खांबाला पहिली अढी घालताना मुलगा घाबरतो. खाली वडील मुलगा हात पसरून उभा असतो. आज ज्याला सावरले, तोच दोन वर्षांनी दुसऱ्याला सावरावयास उभा राहतो. वयात येणाऱ्या मुलाला उपदेशापेक्षा जबाबदारी अधिक हवी असते, आणि तालमीने ती त्याला न सांगता दिली. येथे चूक झाली तर गुण कापले जात नाहीत. पुन्हा सलामी देऊन आरंभ करावयाचा, इतकेच.

परंतु या गौरवात एक न्यूनही नोंदविले पाहिजे. तालीम सर्वांना सारखी उघडी होती, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. जातीचे उंबरठे होते; मुलींना तर बहुतेक ठिकाणी दारच नव्हते. ज्या बिठुरात मनूचे, म्हणजे पुढील झाशीच्या राणीचे, बालपण गेले, तिच्या पराक्रमाचे पोवाडे गाणाऱ्या समाजाने आपल्या लेकींना मात्र कितीतरी काळ आखाड्याबाहेर ठेवले. दोरीच्या मल्लखांबाने पुढे ही कोंडी फोडली. १९८१ साली उज्जैनीस पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली आणि २०१३ साली मध्य प्रदेशाने मल्लखांबास राज्यक्रीडेचा मान दिला. आज मुली त्या दोरीवर जे करून दाखवितात, ते पाहिले म्हणजे आपण किती काळ काय गमावले, हे कळते.

पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटे चांगला व्यायाम हवा आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे श्रम हवेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. जगातील अकरा ते सतरा वर्षांच्या दर पाच मुलांपैकी चारांना तेवढा व्यायाम घडत नाही, असेही तिच्या पाहणीत आढळले आहे. आपल्याकडे तर शाळा सुटली की शिकवणी सुरू होते. मुलांच्या हिताच्या कळकळीनेच आपण त्यांची संध्याकाळ काढून घेत आहो. आपल्या पूर्वजांनी राज्य गमावूनही खांब परमुलखात नेऊन रोवला. मुलांसाठी, आणि तितक्याच हक्काने मुलींसाठी, संध्याकाळचे दोन तास राखून ठेवणे आपणांस त्याहून कठीण जाऊ नये.