स्टॉकहोमच्या कामकऱ्यांची घरे

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. ज्याने ही म्हण काढली त्याने घर बांधवून घेतले असावे, स्वतः बांधले नसावे, असा आम्हांला संशय आहे. गवंडी वेळेवर येत नाही, सुतार आगाऊ पैसे घेऊन दिसेनासा होतो, अंदाज एक आणि खर्च दुप्पट, हे सारे दुःख पैसे मोजणाऱ्याचे. ज्याच्यापाशी मोजायला पैसेच नाहीत, म्हणून जो स्वतः पाया खणतो, ज्याची बायको घमेली वाहते आणि मुले शाळेतून येऊन भिंतींना पाणी मारतात, त्याची कथा या म्हणीत नाही.

आमचे घर असेच झाले. वडील यंत्रमागावर बारा तासांची पाळी करीत आणि सुट्टीच्या दिवशी विटा रचीत. आईने माल कालवला. आम्ही भावंडांनी वाळू चाळली. दोन खोल्या उभ्या राहिल्या, पण आतून गिलावा व्हायला अकरा वर्षे गेली. तोही थोरल्या बहिणीला पाहायला पाहुणे येणार म्हणून झाला. मध्यंतरी वडील आम्हांला घेऊन कर्ज मागायला गेले होते. तेथल्या कारकुनाने विचारले, “स्वतःचे किती घालणार?” वडील म्हणाले, “हात आहेत की, साहेब.” कारकून हसला आणि अर्ज परत केला. शाळा आमची सातवीपर्यंतच. पुढचे वाचन युनियनच्या कपाटातले. त्या कपाटातल्या एका पुस्तकात पुढे आम्हांला असे एक शहर भेटले, ज्याने ‘हात’ हे उत्तर कागदावर लिहून घेतले होते. ते शहर म्हणजे स्वीडनची राजधानी स्टॉकहोम.

या गोष्टीचा आरंभ जमिनीपासून होतो. १९०४ साली स्टॉकहोमच्या नगरपालिकेने शहराच्या दक्षिणेस एन्शेडे येथे विस्तीर्ण जमीन विकत घेतली. त्याच वर्षी स्वीडनच्या संसदेने ‘स्वतःचे घर’ बांधणाऱ्यांसाठी सरकारी कर्जाची योजना मंजूर केली. यात गरिबांचा कळवळाच तेवढा होता असे कोणी समजू नये. १८५० पासून पुढच्या ऐंशी वर्षांत, सुमारे पन्नास लाख वस्तीच्या त्या देशातून दहा लाखांवर माणसे परदेशी, बहुतेक अमेरिकेला, निघून गेली. माणसे टिकवायची तर त्यांना घर द्यावे, हा हिशेब त्यामागे होता. १९०७ च्या कायद्याने नगरपालिकेला जमीन न विकता लांब मुदतीच्या पट्ट्याने देण्याची सोय झाली. स्टॉकहोमने घरांसाठी साठ वर्षांचा पट्टा ठरवला. घर राहणाऱ्याचे, जमीन शहराची. त्यामुळे जागेची किंमत हा डोंगर गरिबाच्या वाटेतून बाजूला झाला.

तरी पहिल्या वीस वर्षांत ही घरे बऱ्या पगाराच्या माणसांनाच परवडली. साधा मजूर शहरात एक खोली आणि स्वयंपाकघर यांत पाचसहा माणसांनी निजत होता. आपल्याकडचे श्रोते याने चकित होणार नाहीत, मुंबईत बी. डी. डी. चाळींच्या एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्या त्याच सुमारास बांधल्या जात होत्या.

१९२७ साली नगरपालिकेने नवी योजना सुरू केली. लहान लाकडी घर. खाली खोली आणि स्वयंपाकघर, वर माळ्यावर निजायची जागा, खाली तळघर. खर्चाचे सुमारे नव्वद टक्के शहराने कर्जाऊ द्यायचे. उरलेले दहा टक्के रोख आणायचे नाहीत. ते कुटुंबाने अंगमेहनतीने भरायचे. म्हणजे आमच्या वडिलांचे उत्तर तेथे तारण म्हणून चालले असते.

हे घडवायचे तर कामाची मांडणी तशीच करावी लागते. शिंपी, ट्रामवाला, गोदामातला हमाल यांना ओळंबा कसा धरावा हे कोठून माहीत? म्हणून भिंतींचे भाग कारखान्यात तयार करून जागेवर आणून देत. नकाशे ठराविक असत आणि शहराचे शिक्षक जागेवर उभे राहून काम शिकवीत. पाया खणणे, तळघराचे काँक्रीट ओतणे, भिंती उभ्या करणे, तक्तपोशी, रंग ही कामे घरच्या माणसांची. नळ आणि वीज ही कसबी कारागिरांची. पाळी सुटली की बाप थेट जागेवर येई. बायको डबा घेऊन आधीच पोचलेली असे. जूनमध्ये त्या देशी रात्री दहापर्यंत उजेड असतो, आणि त्या उजेडातच ही घरे झाली. ओलोव्स्लुंडसारख्या वसाहती पहिल्या. १९३१ ते १९३८ मध्ये नोरा एंग्बी येथे सुमारे तेराशे घरे उठली. स्वीडनचे पुढारी पेर अल्बिन हान्सन यांनी १९२८ च्या भाषणात देशालाच ‘लोकांचे घर’ म्हटले, तेव्हा त्यांच्या श्रोत्यांपैकी काहींच्या हातांना खरोखरच चुना लागलेला असेल.

एवढे सांगून थांबलो असतो तर ही एक गोड गोष्ट झाली असती. परंतु आम्ही युनियनची माणसे. तासांचा हिशेब मागणे हा आमचा धंदाच आहे.

स्वीडनमध्ये आठ तासांच्या दिवसाचा कायदा १९१९ साली झाला व १९२० पासून अमलात आला. त्यासाठी पिढ्या खपल्या होत्या. मग मिळालेले मोकळे तास कामकऱ्याने पुन्हा फावड्याला दिले, हा विजय म्हणावा की माघार? फ्रेडरिक एंगेल्सने १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लेख लिहिले, त्यांत त्याने बजावले होते की घराच्या मालकीने कामगार जागेला जखडला जातो, त्याला काम सोडून दुसरीकडे जाता येत नाही, आणि राहण्याचा खर्च कमी झाला की मालक तेवढी मजुरी खाली आणतो. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हप्त्याच्या ओझ्याने संपाला न येणारा माणूस आम्ही पाहिला आहे. शिवाय गवंड्यांचे काय? १९३३ च्या एप्रिलपासून १९३४ च्या फेब्रुवारीपर्यंत स्वीडनमध्ये बांधकाम कामगारांचा मोठा तंटा चालला होता. नोरा एंग्बी आकार घेत होती ती याच वर्षांत. ज्याची रोजी बांधकामावर, त्याला शेजाऱ्याचे फुकटचे काँक्रीट पाहून आनंद झाला असेल असे आम्हांला वाटत नाही.

आणखी एक प्रश्न आम्हांला पुस्तकाने नव्हे, एका विडी कामगार बाईने विचारला. महिलांच्या सभेत आम्ही ही दहा टक्क्यांची गोष्ट रंगवून सांगत होतो. ती म्हणाली, “दादा, त्यांत बाईचे खणणे धरले, पण तिचा स्वयंपाक कोणी धरला?” आम्ही विषय बदलला, हे कबूल केले पाहिजे.

तरीही आम्ही एंगेल्सच्या बाजूने सर्वस्वी उभे राहत नाही. भाड्याच्या खोलीतला कामगारही जखडलेलाच असतो. फक्त साखळी दुसऱ्याच्या हाती असते. स्टॉकहोमची खरी उणीव आम्हांला निराळी दिसते. तेथे प्रत्येक कुटुंबाने आपलेच घर बांधले. पुढे त्या घरांच्या किमती इतक्या वाढल्या, की आज नोरा एंग्बीत घर घेणे साध्या मजुराच्या आवाक्यात राहिलेले नाही. ज्या हातांनी वसाहत केली, त्याच जातीच्या हातांना ती पुढे बंद झाली.

याच कल्पनेला निराळे वळण दिले ते दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे या लहान देशाने. १९६६ साली तेथे तीन ठिकाणी परस्पर मदतीने घरे बांधण्याचे प्रयोग झाले. डिसेंबर १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने त्यांना मान्यता मिळाली, आणि कामगार संघटनांनी आपापल्या सभासदांच्या सहकारी संस्था काढल्या. १९७० साली या संस्थांचा महासंघ स्थापन झाला. नियम असा की प्रत्येक कुटुंबाने आठवड्याला एकवीस तास काम द्यायचे; ते बापाने दिले, आईने दिले की मोठ्या मुलाने, तास तो तास. घरे संस्थेच्या मालकीची, राहण्याचा हक्क कुटुंबाचा. आणि कोणते घर कोणाचे हे बांधकामाच्या अखेरीस चिठ्ठ्या टाकून ठरायचे. त्यामुळे आपला कोपरा नीट आणि शेजाऱ्याचा कसातरी, हा प्रकारच उरत नाही.

१९७३ साली तेथे लष्करी हुकूमशाही आली. १९८३ साली तिने या संस्था मोडून प्रत्येकाला स्वतंत्र मालकी घ्यायला लावणारा कायदा केला. वरवर पाहता तो देणगीसारखा दिसत होता. एंगेल्स वाचलेल्याला त्यातली मेख कळेल. २६ फेब्रुवारी १९८४ च्या रविवारी या घरांतली माणसे सह्या गोळा करायला दारोदार निघाली आणि सुमारे तीस लाख वस्तीच्या देशात एका दिवसात तीन लाखांवर सह्या जमल्या. तो कायदा अमलात आला नाही. त्या संस्था आजही घरे बांधीत आहेत.