सिम्प्युटर ते वारणा: बंगळुरूने घेतलेला वापरकर्त्याचा शोध

बंगळुरूचा सॉफ्टवेअर उद्योग वाढला तो परदेशी ग्राहकांच्या कामावर. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये या शहरात आली, १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने येथे आपले केंद्र उघडले, आणि त्यानंतरच्या काळात काय बनवायचे व कोणासाठी हे बहुधा सातासमुद्रापलीकडे ठरत गेले. ज्याच्या हाती ती प्रणाली पडणार तो माणूस कोण, त्याला खरोखर काय हवे आहे, हा प्रश्न येथील अभियंत्यापुढे क्वचितच उभा राहत असे. तो या शहरात गांभीर्याने विचारला गेला तो भारतीय विज्ञान संस्थेच्या परिसरात, आणि त्याचे पहिले मोठे फळ म्हणजे सिम्प्युटर.

विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे संस्थेतील चार प्राध्यापक आणि विनय देशपांडे यांची एन्कोअर सॉफ्टवेअर ही कंपनी यांनी १९९८ च्या सुमारास तळहातावर मावणाऱ्या स्वस्त संगणकाची कल्पना मांडली, आणि २००१ मध्ये त्याचा नमुना लोकांसमोर आला. किंमत नऊ हजार रुपयांच्या आसपास ठेवण्याचा संकल्प होता. तेवढीही रक्कम एका कुटुंबाला परवडणार नाही हे ओळखून एक यंत्र साऱ्या गावाने वापरावे आणि प्रत्येकाची माहिती त्याच्या स्वतःच्या स्मार्ट कार्डात, म्हणजे चिप बसवलेल्या छोट्या कार्डात, राहावी अशी योजना केलेली होती. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी मजकूर भारतीय भाषांतून मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय होती. इतक्या आत्मीयतेने सामान्य माणसाचा विचार करणारे यंत्र भारतात त्यापूर्वी क्वचितच घडले असेल. तरीही २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने ‘अमिडा’ या नावाने ते बाजारात आले तेव्हा फारसे खपले नाही. त्याआधीच, मे २००३ पासून, मोबाइलवर येणारे कॉल मोफत झाले होते. गावाला माहितीची गरज आहे हे सिम्प्युटरच्या कर्त्यांनी अचूक हेरले होते. पण दूर गेलेल्या मुलाचा आवाज ऐकण्याची ओढ त्या गरजेहून बलवत्तर होती, आणि ती भागवणारे यंत्र सामायिक नव्हे तर स्वतःच्या खिशातले हवे होते.

जानेवारी २००५ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया ही प्रयोगशाळा बंगळुरूत सुरू झाली आणि केंटारो तोयामा यांच्या गटाने वेगळी पद्धत अवलंबिली: आधी वस्तीत जाऊन पाहायचे, मग आराखडा काढायचा. इंद्राणी मेधी यांनी शहरातील झोपडपट्ट्यांत राहणाऱ्या घरकामगार स्त्रियांसाठी, स्त्री जागृती समिती या संघटनेच्या सहकार्याने, अक्षरांशिवाय चालणारा पडदा तयार केला. त्यावर चित्रे व आवाज यांच्या आधारे कामाची माहिती मिळे. नुसता नळ आणि भांडी काढली तर त्यातून जागेचा बोध होई, काम कळत नसे. म्हणून नळातून पडणारे पाणी आणि भांड्यातून निघणारी वाफ दाखवावी लागली. एवढे करूनही अडचण उरलीच, कारण खरी शंका चित्रांविषयी नव्हती: ही माहिती या पेटीत आली कुठून, आणि तिच्यामुळे आपल्याला काम कसे मिळणार, हे त्या स्त्रियांना उमगत नव्हते. तेव्हा कामवाली शोधणाऱ्या घरापासून ती माहिती संगणकात भरली जाईपर्यंतची आणि पुढे स्त्रीला काम मिळेपर्यंतची सारी साखळी नाट्यरूपाने दाखवणारी चित्रफीत सुरुवातीला जोडण्यात आली. ज्या व्यवहारावर पोट अवलंबून आहे त्याचा उगम पाहिल्याशिवाय त्यावर भरवसा न ठेवणे हा शहाणपणा होता. तो अडाणीपणा मानला गेला असता तर हा आराखडा सुधारलाच नसता.

याच गटाचे काम महाराष्ट्रातही पोहोचले. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारी परिसरात १९९८ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचा सरकारी प्रकल्प सुरू झाला होता, आणि त्याकडून इंटरनेट, शिक्षण, बाजारभाव अशा अनेक अपेक्षा होत्या. राजेश वीरराघवन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष वापर तपासला तेव्हा गावोगावच्या संगणक केंद्रांवर मुख्यतः उसाचेच व्यवहार चालत असल्याचे आढळले: तोडणीचा परवाना, साखर कारखान्याच्या काट्यावर भरलेले वजन, खताचा हिशेब. हे सारे साध्या एसएमएसने भागण्यासारखे होते. सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी मोबाइल वापरून पाहिले गेले. विचारणेचा संदेश कारखान्याकडील संगणकाशी जोडलेल्या फोनवर जाई आणि उत्तर त्याच वाटेने परत येई. वर्षभर राबून पिकवलेला ऊस गाडीत भरून गेल्यावर शेतकऱ्याचा जीव त्या काट्यावरच्या आकड्यात अडकलेला असतो, आणि आता तो आकडा विचारण्यासाठी केंद्र उघडण्याची वाट पाहावी लागत नव्हती.